संख्याशास्त्रात अमेरिकेत पीएचडी: अर्ज, निवड आणि पैशांचं गणित

संख्याशास्त्रात पुढे शिकायला अमेरिकेला जायचं म्हटलं की आपल्याकडे घरात पहिली चर्चा होते ती कर्जाची. तारण काय ठेवायचं, व्याज किती, फेडायला किती वर्षं लागतील. या चर्चेच्या मुळाशी एक समजूत असते: आधी तिकडे एमएस, म्हणजे मास्टर्स पदवी, करायचं, मग जमलं तर पीएचडी. अमेरिकेतल्या संख्याशास्त्र विभागांचा कारभार असा चालत नाही. पीएचडीला घेतलेल्या विद्यार्थ्याची ट्यूशन फी साधारणपणे विभागच माफ करतो आणि वर स्टायपेंड, म्हणजे विद्यावेतन, देतो. एमएसच्या विद्यार्थ्याला मात्र बहुतेक ठिकाणी सगळा खर्च स्वतः करावा लागतो. पीएचडीला अर्ज करायला अमेरिकेतलं एमएस आधी झालेलं असण्याची अटही नसते. पुण्या-मुंबईत, कोल्हापुरात एमएस्सी झालेली मुलं थेट पीएचडीला जातात.

हे पैसे येतात कुठून, ते नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून आहेत. अमेरिकी विद्यापीठात मानसशास्त्र, शेती, नर्सिंग, व्यवस्थापन अशा सगळ्या शाखांच्या पदवीच्या मुलांना संख्याशास्त्राचा एखादा प्राथमिक कोर्स घ्यावा लागतो. हजारो मुलांचे पेपर तपासायला, प्रॅक्टिकल घ्यायला, शंका सोडवायला माणसं लागतात आणि हे काम पीएचडीचे विद्यार्थी करतात. ही टीचिंग असिस्टंटशिप, म्हणजे टीए. दुसरा मार्ग रिसर्च असिस्टंटशिपचा, म्हणजे आरए. त्याचे पैसे प्राध्यापकाच्या संशोधन अनुदानातून येतात. २०२५ मध्ये अमेरिकी सरकारचा संशोधन निधी आटला तेव्हा अनेक विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा कमी केल्या. त्यामुळे प्रवेशाची स्पर्धा पूर्वीपेक्षा कठीण झाली आहे. तरीही प्राथमिक कोर्स शिकवायला माणसं लागतातच. म्हणून विभाग निवडताना पदवीच्या मुलांना तो किती शिकवतो, हे जरूर बघा.

आधी स्वतःला विचारायचा प्रश्न

पीएचडी म्हणजे साधारण पाच वर्षं. पहिली दोन वर्षं कोर्स आणि पीएचडीत पुढे जाण्यासाठी पास व्हावी लागणारी क्वालिफाइंग परीक्षा, पुढची संशोधनाची. ज्यांना दोन वर्षांत ॲनालिटिक्समधली नोकरी हवी आहे त्यांनी केवळ फुकट आहे म्हणून पीएचडीला जाऊ नये. एमएस घेऊन मधेच बाहेर पडता येतं आणि काही जण प्रामाणिक कारणांनी पडतातही. पण ठरवून, मनात तेच धरून जाणं मला पटत नाही. विभागाने तुमच्यावर दोन वर्षं खर्च केलेली असते आणि तुमच्यानंतर त्याच कॉलेजातून येणाऱ्या मुलाच्या अर्जाकडे तो विभाग सावधपणे बघू लागतो.

नोकरीच हवी असेल तर भारतात एमएस्सी करा. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचं (आयएसआय) एमस्टॅट आहे, तिथे विद्यावेतनही मिळतं. आयआयटींच्या एमएस्सी प्रवेशासाठी फेब्रुवारीत होणारी जॅम परीक्षा मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स या पेपरातून देऊन आयआयटी मुंबई किंवा कानपूरला जाता येतं. पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग तर १९५३ पासूनचा. तो वसंत शंकर हुजूरबाजार यांनी उभा केला. कोल्हापूरचे हुजूरबाजार केंब्रिजला हॅरल्ड जेफ्रीज यांच्या हाताखाली शिकले आणि पुढे अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठातही त्यांनी शिकवलं. आपल्या भागातून त्या दिशेची वाट जुनीच आहे.

ज्यांना पीएचडी करायची आहे त्यांनाही मी बहुतेक वेळा आधी इथली एमएस्सीच करायला सांगते. एक कारण नियमाचं: काही अमेरिकी विद्यापीठं तीन वर्षांची बीएस्सी पुरेशी मानत नाहीत. नव्या शैक्षणिक धोरणातलं चौथं वर्ष केलं तर ही अडचण सुटते, पण प्रत्येक विद्यापीठाच्या ग्रॅज्युएट स्कूलचा नियम वाचूनच खात्री करा. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, ते म्हणजे गणिताची तयारी.

प्रवेश समिती काय बघते

संख्याशास्त्राच्या पीएचडीला अर्ज करणाऱ्या आपल्या मुलांचा भर चुकीच्या ठिकाणी असतो. आर, पायथन, डॅशबोर्ड, इंटर्नशिप आणि ऑनलाइन सर्टिफिकेट यांनी सीव्ही भरलेला असतो. समितीची नजर आधी जाते ती रिअल ॲनालिसिस आणि लिनिअर अल्जिब्रावर. पहिल्या वर्षाच्या थिअरीच्या कोर्समध्ये विद्यार्थी टिकेल का, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर या दोन विषयांतल्या गुणांत सापडतं. मेझर थिअरी आणि प्रॉबॅबिलिटीचा पक्का कोर्स झाला असेल तर फारच उत्तम. तुमच्या बीएस्सीत ॲनालिसिस वरवर झालं असेल, तर एमएस्सीत तो विषय घ्या आणि तिथे जीव ओता. एक सर्टिफिकेट कमी असेल तर काही बिघडत नाही.

आपल्या मार्कशीटवर विषयांची नावं त्रोटक असतात, कधी नुसता कोड असतो. समितीला त्यावरून काही कळत नाही. म्हणून एक पान वेगळं तयार करा: विषयाचं पूर्ण नाव, शिकवलेले मुख्य घटक, मिळालेले गुण. फॉर्ममध्ये जोडायची सोय असेल तिथे ते जोडा.

टक्क्यांचा प्रश्नही इथेच येतो. आपल्याकडे अवघड पेपरात ६८ टक्के मिळवून मुलगी वर्गात दुसरी आलेली असते, पण तिकडच्या वाचणाऱ्याला तो आकडा सुमार वाटू शकतो. स्वतःच्या मनाने टक्क्यांचं चारपैकी जीपीएत, म्हणजे अमेरिकी पद्धतीच्या गुणांच्या सरासरीत, रूपांतर करू नका. फॉर्ममध्ये जसे मिळाले तसे गुण लिहा आणि वर्गातला क्रमांक कुठेतरी येईल असं बघा. शिफारसपत्रात आला तर सर्वात चांगलं.

जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा आता अनेक विभागांनी ऐच्छिक केली आहे. सप्टेंबर २०२३ पासून ती लहानही झाली, दोन तासांच्या आत संपते. दिलीच तर क्वांटमध्ये, म्हणजे गणिताच्या भागात, कमाल १७० च्या अगदी जवळ गुण हवेत. त्याहून बरेच कमी असतील आणि स्कोअर ऐच्छिक असेल तर पाठवू नका. गणिताची सब्जेक्ट जीआरई ही वेगळी परीक्षा. थिअरीवर भर असणारे काही मोजके विभाग तिला किंमत देतात. ती सप्टेंबर, ऑक्टोबर आणि एप्रिलमध्ये होते, म्हणजे डिसेंबरच्या डेडलाइनसाठी ऑक्टोबर ही शेवटची संधी. तिचा निम्मा भाग कॅल्क्युलस असतो, पण ॲबस्ट्रॅक्ट अल्जिब्राही येतं आणि ते आपल्या संख्याशास्त्राच्या मुलांचं बरेचदा राहून गेलेलं असतं.

टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेकडे मुलं नुसती एक अट म्हणून बघतात. टीए द्यायचा तर विद्यार्थ्याला वर्गात बोलता यायला हवं, म्हणून अनेक विद्यापीठं स्पीकिंग विभागासाठी वेगळी किमान पातळी ठरवतात. एकूण स्कोअर पुरेसा असूनही स्पीकिंगमुळे टीएशिप अडू शकते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी याची धास्ती घेऊ नये, पण तयारी नक्की करावी. रोज एखादी संकल्पना, समजा मध्यक आणि मध्यमान यांतला फरक, पाच मिनिटं इंग्रजीत मोठ्याने समजावून सांगायची. टीए म्हणून नेमकं हेच करायचं असतं.

शिफारसपत्रं

सर्वसाधारणपणे तीन लागतात आणि आपल्या अर्जांचा सर्वात कच्चा भाग हाच असतो. "तू लिहून आण, मी सही करतो," असं सर म्हणतात आणि मुलगा इंटरनेटवरचा मसुदा उतरवून काढतो. हार्डवर्किंग, सिन्सिअर, पंक्च्युअल. असं पत्र वाचून समितीला काहीच कळत नाही. शिवाय तिन्ही पत्रांची भाषा एकसारखी दिसली तर शंका येते.

सरांना किंवा मॅडमना मसुदा देऊ नका, एका पानावर माहिती द्या: कोणत्या वर्षी कोणता विषय त्यांच्याकडे शिकलात, किती गुण, वर्गात कितवे, प्रोजेक्टमध्ये नेमकं काय केलं, कुठे अडलात आणि ती अडचण कशी सोडवली. मग विनंती करा की यातलं जे त्यांना आठवतंय आणि पटतंय ते त्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहावं. "इन्फरन्सच्या साठ मुलांच्या वर्गात ही दुसरी आली, लायकलीहुड रेशो टेस्टच्या सिद्धतेत मी एक पायरी गाळली होती, ती हिने दुसऱ्या दिवशी दाखवून दिली," अशी दोन वाक्यं पानभर विशेषणांपेक्षा जड भरतात. पत्र शक्यतो संस्थेच्या ईमेलवरून जावं. काही पोर्टल जीमेलचा पत्ता घेतच नाहीत. मॅडमकडे कॉलेजचा ईमेल नसेल तर ऑगस्टमध्येच ऑफिसमधून तो सुरू करून घ्यायला मदत करा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हे धावपळीत होत नाही.

तीनपैकी किमान दोन पत्रं गणित किंवा संख्याशास्त्र शिकवणाऱ्यांची असावीत. कंपनीतल्या मॅनेजरचं एखादं चालतं, तेही त्याने तुमचं विश्लेषणाचं काम स्वतः पाहिलं असेल तरच.

एसओपी

एसओपी म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज, पीएचडी का करायची हे सांगणारं तुमचं निवेदन. त्यातलं "लहानपणापासून मला आकड्यांची आवड होती" हे वाक्य खोडा. पहिल्या परिच्छेदातच कामाचं बोला. समजा एखाद्याने एमएस्सीचा प्रोजेक्ट मराठवाड्याच्या पावसावर केला. तो लिहितो: "मी पावसाच्या डेटावर टाइम सिरीज मॉडेल बसवलं आणि चांगले निकाल मिळाले." त्याऐवजी हे बघा: "जून ते सप्टेंबरमधल्या दैनंदिन नोंदींत शून्यांची संख्या इतकी होती की नेहमीचं मॉडेल बसेना. म्हणून पाऊस पडेल की नाही आणि पडला तर किती, असे दोन भाग करून मी मॉडेल बसवलं. शेजारच्या तालुक्यांमधला परस्परसंबंध मात्र मला नीट हाताळता आला नाही. स्पेशिअल स्टॅटिस्टिक्स शिकायची इच्छा तिथून सुरू झाली." दुसऱ्या मजकुरात विद्यार्थ्याची समज दिसते, मर्यादा दिसते आणि पुढचा प्रश्नही दिसतो. दीड ते दोन पानं पुरतात. शेवटच्या परिच्छेदात त्या विभागातल्या दोन-तीन प्राध्यापकांच्या कामाचा उल्लेख करा, पण त्यांचा एखादा तरी पेपर खरोखर वाचून.

एक गैरसमज इथेच दूर करते. संख्याशास्त्राच्या पीएचडीला आधी गाइड शोधून त्याची संमती मिळवावी लागत नाही. प्रयोगशाळांच्या विषयांत, ब्रिटनमध्ये, ऑस्ट्रेलियात तशी पद्धत आहे. अमेरिकेत संख्याशास्त्राचा प्रवेश समिती ठरवते आणि गाइड साधारण दुसऱ्या वर्षाच्या आसपास ठरतो. पन्नास प्राध्यापकांना एकाच मजकुराचे ईमेल पाठवण्यात वेळ घालवू नका.

यादी कशी करायची

मुलं रँकिंगची यादी उघडून वरून खाली अर्ज करत जातात. प्रत्येक विभागाचा स्वभाव वेगळा असतो आणि तो त्याच्या इतिहासातून आलेला असतो. आयोवा स्टेटची सांख्यिकी प्रयोगशाळा जॉर्ज स्नेडेकर यांनी १९३३ मध्ये शेतीच्या प्रयोगांसाठी सुरू केली. नमुना सर्वेक्षणात तो विभाग आजही बळकट आहे. नॉर्थ कॅरोलिना स्टेटचा विभाग गर्ट्रूड कॉक्स यांनी १९४१ मध्ये उभारला. तो मोठा आहे आणि उपयोजित कामाकडे त्याचा ओढा आहे. तिथून जवळच चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात संख्याशास्त्र आणि ऑपरेशन्स रिसर्च एकत्र आहेत आणि प्रॉबॅबिलिटीची परंपरा आहे. ड्यूक विद्यापीठाचा विभाग बेझियन पद्धतींसाठी ओळखला जातो. कार्नेगी मेलनला मशीन लर्निंगशी घट्ट नातं आहे. बर्कली, स्टॅनफर्ड, शिकागो इथे अर्ज जरूर करा, पण तिथे आयएसआयची आणि जगभरची फार तयारीची मुलं रांगेत असतात.

बायोस्टॅटिस्टिक्सचा, म्हणजे आरोग्य आणि वैद्यकाच्या संख्याशास्त्राचा, वेगळा विचार करा. हे विभाग बहुधा विद्यापीठांच्या पब्लिक हेल्थ स्कूलमध्ये असतात. जॉन्स हॉपकिन्सचा १९१८ पासूनचा. क्लिनिकल ट्रायल, रोगप्रसार, जनुकांचा डेटा यांत रस असेल तर हे विभाग अतिशय चांगले आहेत आणि मेझर थिअरीचा आग्रह तुलनेने कमी असतो. पण एक खाचखळगा आहे: अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेची (एनआयएच) ट्रेनिंग ग्रँट फक्त अमेरिकी नागरिकांना आणि कायमच्या रहिवाशांना मिळते. नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या ग्रॅज्युएट फेलोशिपचंही तेच. त्यामुळे बायोस्टॅटिस्टिक्सच्या विभागाला थेट विचारा की परदेशी विद्यार्थ्यांना पैसे कशातून देता.

एकेका अर्जाची फी शंभर डॉलरच्या आसपास जाते, वर स्कोअर पाठवायचा खर्च. माझ्या मते आठ ते दहा अर्ज पुरे: दोन-तीन अवघड, चार-पाच आपल्या तयारीला साजेसे आणि बाकीचे असे की जिथे तुमच्यासारख्या पार्श्वभूमीची मुलं सध्या शिकत आहेत. विभागाच्या संकेतस्थळावर सध्याच्या विद्यार्थ्यांची यादी असते. त्यात पुण्याचं, मुंबईचं, धारवाडचं, कोलकात्याचं कोण आहे ते बघा आणि त्यांना लिहा. असे ईमेल मनापासून वाचले जातात. फी माफीसाठीही विचारा, काही ठिकाणी मिळते.

एमएसच करायचं असेल तर

अमेरिकेत, विशेषतः खासगी विद्यापीठात, दोन वर्षांचा खर्च पन्नास लाखांच्या पुढे सहज जातो. या वाटेने जाणाऱ्यांनी आधी पीएचडी नसलेले गणित-संख्याशास्त्राचे विभाग शोधावेत. तिथे टीए म्हणून एमएसचेच विद्यार्थी लागतात. कॅनडातही काही विद्यापीठं संशोधनावर आधारलेल्या मास्टर्सला पैसे देतात.

आपल्याकडच्या योजनांत अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे. मराठा आणि कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी या राज्याच्या संस्थेची योजना आहे. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्ज-शिष्यवृत्ती देत आली आहे. सरकारी योजनांना उत्पन्नाची आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, ती त्या वर्षीच्या जाहिरातीतूनच वाचा. निवड यादीच्या तारखा अमेरिकेच्या वेळापत्रकाशी जुळतीलच असं नाही. त्यामुळे उत्पन्नाचा आणि रहिवासी दाखला तहसील कार्यालयातून आणि जात वैधता प्रमाणपत्र जात पडताळणी समितीकडून आदल्या वर्षीच काढून ठेवा.

ऑफर लेटर वाचताना

ऑफर फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. आनंदाच्या भरात मुलं फक्त स्टायपेंडचा आकडा बघतात. उदाहरणादाखल दोन ऑफर घेऊ. पहिली: मध्य-पश्चिमेतलं लहान गाव, नऊ महिन्यांचे २४,००० डॉलर, सक्तीची फी वर्षाला २,४०० डॉलर स्वतः भरायची, खोलीभाडं महिन्याला ७००. दुसरी: किनाऱ्यावरचं मोठं शहर, बारा महिन्यांचे ३८,००० डॉलर, फी माफ, भाडं १,९००.

दुसरी ऑफर १४,००० डॉलरने मोठी दिसते. आता फी आणि वर्षाचं भाडं वजा करा. पहिल्यात उरतात १३,२०० आणि दुसऱ्यात १५,२००. पहिल्या ठिकाणी उन्हाळ्यात आरए किंवा शिकवण्याचे ५,००० डॉलर मिळाले तर तीच पुढे जाते. शिवाय मोठ्या शहरात जेवणखाणं, प्रवास सगळंच महाग. म्हणून विचारायचं ते हे: स्टायपेंड नऊ महिन्यांचा की बारा? उन्हाळ्यात काय? किती वर्षांची लेखी हमी आहे? सक्तीची फी आणि आरोग्य विमा कोण भरतं?

असिस्टंटशिप साधारणपणे आठवड्याला वीस तासांची असते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर कामाची मर्यादाही वीस तासच आहे, म्हणजे जास्तीच्या कामाने भर घालू हा विचार सोडून द्या. कराच्या बाबतीत भारतीय विद्यार्थ्यांना एक सवलत आहे, ती अनेकांना माहीत नसते: भारत-अमेरिका कर कराराच्या कलम २१(२) मुळे आपल्याला स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे करपात्र उत्पन्नातून ठरावीक वजावट, घेता येतं. इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना ते मिळत नाही.

पैशांइतकीच चौकशी क्वालिफाइंग परीक्षेची करा. किती जण पास होतात, दुसरी संधी मिळते का, नापास झालेल्यांचं पुढे काय होतं. हे प्रश्न विभागप्रमुखांना नको, तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारा, आणि ईमेलपेक्षा कॉलवर. गाइड मिळायला किती वेळ लागतो, टीएला नुसते पेपर तपासावे लागतात की पूर्ण वर्ग शिकवावा लागतो, गेल्या काही वर्षांत बाहेर पडलेले कुठे नोकरीला लागले, हे तेच खरं सांगतील.

१५ एप्रिल ही तारीख लक्षात ठेवा. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या ठरावावर सही केलेली विद्यापीठं आर्थिक मदतीच्या ऑफरवर त्याआधी उत्तर देण्याची सक्ती करत नाहीत. कोणी मार्चमध्येच घाई करू लागलं तर नम्रपणे या ठरावाची आठवण द्या. मात्र जी ऑफर घ्यायची नाही हे नक्की झालं आहे, ती त्याच दिवशी नाकारा. ती जागा वेटलिस्टवरच्या कुणाला तरी मिळते आणि ती मुलगी कदाचित तुमच्याच वर्गातली असेल.

होकार दिल्यावर विद्यापीठ आय-२०, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा फॉर्म, पाठवतं. त्यावर असिस्टंटशिपची रक्कम आणि ट्यूशन माफी ऑफर लेटरप्रमाणेच आली आहे ना, ते ओळ न ओळ जुळवून बघा. फरक असेल तर व्हिसाच्या मुलाखतीची तारीख घेण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून दुरुस्त करून घ्या.